सासरहून येणारी मांतिया आणि लग्नाचा गाऊन : आधी काय ठरवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्न जानेवारीत वसईच्या चर्चमध्ये आहे, सासर माद्रिदचे आहे आणि होणाऱ्या सासूबाई त्यांच्या आजीच्या दोन मांतिया, म्हणजे लेसची स्पॅनिश शिरोवस्त्रे, एक हस्तिदंती आणि एक काळी, तुमच्यासाठी पाठवणार आहेत. गाऊन शिवणाऱ्या टेलरने ‘जुनी लेस शोभणार नाही, त्यापेक्षा तयार मांतिया-व्हेल घ्या’ (व्हेल म्हणजे वधूचे नेटचे शिरोवस्त्र) असे सुचवले आहे, तर आत्याने ‘काळी लेस म्हणजे दुखवटा’ असे म्हणून नापसंती दाखवली आहे. अशा स्थितीत मांतिया घालावी का, घातली तर उंच फणी लावावी का आणि जुन्या लेसचे जतन कसे करावे, हे तुम्हाला हवे आहे. जुन्या लेसची दुरुस्ती करणे आणि चर्चमधील लग्नांसाठी व्हेल बेतणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

खरी अडचण ‘मांतिया की व्हेल’ अशी नाही. मांतिया या एकाच नावाने आज दोन निराळ्या वस्तू ओळखल्या जातात आणि तुमचा टेलर एकीबद्दल बोलतो आहे, सासूबाई दुसरीबद्दल. स्पेनमधील पारंपरिक मांतिया हे पूर्ण लेसचे, किंवा भरतकाम केलेल्या बारीक जाळीचे, लांबट शिरोवस्त्र असते. ते डोक्यावरून खांद्यांवर उतरते आणि मागे कंबरेच्या थोडे खाली थांबते. दुकानात ‘मँटिला’ म्हणून दाखवतात तो नेटचा मोठा गोल किंवा लंबगोल तुकडा असतो, त्याच्या फक्त कडेला लेस लावलेली असते आणि त्याची लांबी पुष्कळदा जमिनीवर लोळेल इतकी असते. दुसऱ्या प्रकारात काही खोटे नाही, मी स्वतः तो नेहमी बेतते. मात्र त्याने जुन्या वस्त्राची फक्त कड आणि चेहऱ्याभोवतीची चौकट उचलली आहे. वजन, पडण्याची पद्धत, टाचण्याची जागा, किंमत आणि जपणूक या सगळ्यांत दोन्हींचे नियम निराळे आहेत, त्यामुळे एकीसाठी दिलेला सल्ला दुसरीला लावला की घोटाळा होतो.

इतिहास थोडा विस्ताराने सांगते, कारण आत्याच्या शंकेचे उत्तर त्यातच आहे. स्पेनमध्ये स्त्रियांनी डोके झाकण्याची रीत जुनी आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत शहरी स्त्रिया मोठ्या काळ्या वस्त्राने डोके आणि चेहरा असा झाकून घेत की एकच डोळा उघडा राही. अशी स्त्री ओळखू येत नसे, त्यामुळे ती एकटी हिंडू शके, बोलू शके, आणि हेच राज्यकर्त्यांना खुपत असे. अनेकदा बंदी घालूनही रीत मोडेना, तेव्हा चौथ्या फिलिपने 1639 मध्ये पुन्हा कडक फर्मान काढले. त्याच सुमारास चित्रकार वेलास्केझने रंगवलेली पंखा घेतलेली स्त्री आज लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. तिच्या डोक्यावरचे काळे वस्त्र चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी उतरते आणि चेहरा मात्र पूर्ण उघडा ठेवते. आजच्या वधूला मांतियात जे आवडते, ती चौकट या चित्रात स्पष्ट दिसते.

अठराव्या शतकात मांतिया सामान्य स्त्रियांच्या अंगावर होती. माद्रिदच्या कष्टकरी वस्त्यांमधील ठसकेबाज ‘माखा’ ती घालत, आणि तेव्हा ती बहुधा साध्या कापडाची व फार तर लेसची कड लावलेली असे. शतकाच्या अखेरीस सरदारघराण्यांतील स्त्रियांना फ्रेंच पोशाखाऐवजी या माखांचा थाट आवडू लागला आणि मांतिया वाड्यांत शिरली. चित्रकार गोयाने 1797 मध्ये आल्बाच्या डचेसला काळ्या मांतियात रंगवले, आणि 1799 मध्ये राणी मारिया लुइसालाही तसेच रंगवले. साधारण 1805 मधील त्याचे इसाबेल दे पोर्सेलचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लेस अंगावर कशी बसावी हे समजून घ्यायचे असेल तर हे चित्र मोठ्या आकारात जरूर पाहा. काळी लेस तिथे सपाट पडलेली नाही. ती कपाळाच्या मागून उठते, कानांशी दाट होते आणि खाली विरळ होत जाते. कुठेही शोकाची छाया नाही, गाल गुलाबी आहेत आणि हात कंबरेवर आहे.

पुढे दुसऱ्या इसाबेल राणीच्या काळात, म्हणजे 1833 ते 1868 या वर्षांत, पूर्ण लेसची मोठी मांतिया दरबारात मानाची ठरली. राणी परागंदा झाल्यावर तिचा रोजचा वापर कमी होत गेला, पण तेवढ्यातच तिला राजकीय अर्थही मिळाला. इटलीहून आणलेला राजा आमादेओ गादीवर बसला, तेव्हा मार्च 1871 मध्ये माद्रिदमधील सरदारघराण्यांच्या स्त्रिया पासेओ देल प्रादो या रस्त्यावर टोप्यांऐवजी मांतिया आणि उंच फण्या घालून फिरायला निघाल्या. अनेकींनी परागंदा राणीच्या बुर्बोन घराण्याचे लिलीच्या फुलाचे चिन्हही लावले होते. सेस्तोची डचेस सोफिया त्रुबेत्स्काया त्यात पुढे होती. ‘मांतियांचे बंड’ या नावाने तो प्रसंग आजही ओळखला जातो. परक्या राजाला ‘आम्ही स्पॅनिश आहोत’ हे सांगण्यासाठी त्यांनी हेच वस्त्र निवडले, यावरून सासूबाई ते तुमच्याकडे का पाठवत आहेत याची कल्पना येईल.

आता काळ्या रंगाबद्दल. पवित्र आठवड्यात, विशेषतः पवित्र गुरुवारी आणि शुभ शुक्रवारी, स्पेनमधील स्त्रिया काळा पोशाख आणि काळी मांतिया घालून मिरवणुकीत चालतात, आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, म्हणून आत्याचा समज अगदीच निराधार नाही. पण त्याच देशात लग्नातही काळी मांतिया मानाची आहे. स्पॅनिश चर्चविवाहात नवरदेवाला वेदीपर्यंत घेऊन जाणारी ‘माद्रिना’ बहुधा त्याची आई असते, आणि सकाळच्या किंवा दुपारच्या लग्नात तिने लांब पोशाखावर उंच फणी लावून काळी मांतिया घालणे हा औचित्याचा भाग समजला जातो. एवढेच नव्हे, तर विसाव्या शतकातही बराच काळ स्पेनच्या अनेक गावांत वधूच काळ्या रेशमी पोशाखात लग्नाला उभी राही, कारण तो तिचा सर्वांत चांगला आणि पुढे वर्षानुवर्षे वापरता येणारा पोशाख असे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 1840 मध्ये पांढऱ्या पोशाखात लग्न केल्यानंतर ती चाल युरोपभर हळूहळू पसरली. गावागावांत पोहोचायला तिला पुढे कित्येक दशके लागली.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की काळी मांतिया सासूबाईंसाठीच आहे का, हे त्यांना विचारून घ्या. दोन मांतिया पाठवण्यामागे एक सुनेची आणि एक माद्रिनाची असा त्यांचा हेतू असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तसे असेल तर आत्यालाही ही रीत आधीच समजावून सांगा, म्हणजे लग्नाच्या सकाळी चर्चच्या दारात कुजबुज होणार नाही.

चर्चच्या नियमांचा प्रश्नही अनेक जणी विचारतात. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मविधिसंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकावे असे कलम होते आणि 1983 च्या संहितेत ते नाही, त्यामुळे आज मांतिया घालणे हे बंधन नसून इच्छा आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी मार्च 1962 मध्ये पोप तेविसावे जॉन यांना भेटल्या तेव्हा काळ्या मांतियात होत्या, कारण पोपभेटीत स्त्रियांनी काळे वस्त्र घालण्याचा तेव्हा संकेत होता. पांढरे घालण्याचा मान कॅथलिक राजघराण्यांतील मोजक्या स्त्रियांनाच आहे आणि स्पेनची राणी त्यांपैकी एक आहे. तो संकेत पोपभेटीपुरता आहे, लग्नाशी त्याचा संबंध नाही. तुमच्या धर्मग्रामात खांदे झाकण्याबाबत काही सूचना असतील तर त्या फादरांना आधी विचारा, कारण लेसची मांतिया खांदे झाकते पण जाड कापडासारखी लपवत नाही, आणि ते पुरेसे आहे की नाही हे प्रत्येक ठिकाणी निराळे असू शकते.

वसईच्या संदर्भात एक गोष्ट जाता जाता नोंदवते. पोर्तुगीज आणि स्पॅनिश राज्ये 1580 ते 1640 या काळात एकाच राजाच्या अमलाखाली होती आणि वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, त्यावरून आपल्याकडच्या ख्रिस्ती स्त्रियांचे शिरोवस्त्र मांतियातूनच आले असे कोणी सांगते. लेसची मोठी मांतिया त्या काळानंतर घडली, तेव्हा ही जोडणी मला पटत नाही. तुमच्या लग्नात मांतिया येते आहे ती सासरच्या नात्याने, आणि ते कारण पुरेसे आहे.

आता मूळ वस्तूकडे येऊ. पार्सल आले की ती कोणत्या लेसची आहे हे ओळखणे हे पहिले काम आहे. जुन्या मांतिया साधारणपणे तीन प्रकारच्या असतात: ब्लोंदा, शाँतिली आणि भरतकाम केलेले ट्यूल, म्हणजे बारीक जाळी. ब्लोंदा ही उशीवर टाचण्या टोचून, लाकडी बॉबिनवर गुंडाळलेले धागे एकमेकांत गुंफून केलेली रेशमी लेस आहे. बार्सिलोनाच्या उत्तरेकडील आरेन्यस दे मार आणि आसपासची गावे, तसेच ला मांचा प्रदेशातील अल्माग्रो ही तिची नावाजलेली केंद्रे आहेत आणि दोन्ही ठिकाणी लेसची संग्रहालये आहेत. गालिसियातील कामारिन्यासही लेससाठी प्रसिद्ध आहे, पण तिथली ओळख सुती आणि तागाच्या लेसची आहे, ब्लोंदाची नाही.

ब्लोंदा काळ्या कापडावर पसरून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिली की तिचे रहस्य उलगडते. जाळी बारीक, पीळ दिलेल्या आणि तकाकी नसलेल्या रेशमाची असते, तर फुले जाड, जवळजवळ पीळ नसलेल्या चकचकीत रेशमाने भरलेली असतात. दोन रेशमांमुळे प्रकाश दोन रीतींनी परततो, म्हणूनच ब्लोंदा घातलेली स्त्री वळते तेव्हा फुले उजळतात आणि जाळी मागे सरते. नक्षी मोठी, फुलांची असते आणि कडेला ठसठशीत अर्धगोल कमानी असतात. त्यांना तिथे कास्तान्वेलांच्या, म्हणजे हातात वाजवायच्या लाकडी चिपळ्यांच्या, नावाने ओळखतात.

शाँतिली मूळची फ्रान्सची, पॅरिसच्या उत्तरेकडील त्या नावाच्या गावाची. पुढे ती नॉर्मंडीतील बायो इथे आणि कातालोनियातही होऊ लागली, त्यामुळे घराघरांतील ‘स्पॅनिश’ मांतियांपैकी कित्येक प्रत्यक्षात फ्रेंच हातांनी केलेल्या आहेत. ती बहुधा काळी असते, तिची जाळी ब्लोंदापेक्षा तलम आणि नक्षी छायाचित्रासारखी गडद-फिकी असते. हाताने केलेली शाँतिली अरुंद पट्ट्यांमध्ये विणून नंतर त्या पट्ट्या जाळीच्या घरातून जाणाऱ्या एका टाक्याने जोडत. हा जोड इतका बारीक असतो की तो नजरेने सापडत नाही. लेस उजेडासमोर धरून हळूच तिरपी केली की एखादी सरळ रेघ क्षणभर जाणवते. तशी रेघ सापडली तर ती हातकामाची चांगली खूण आहे.

तिसरा प्रकार यंत्रामुळे शक्य झाला. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने 1809 मध्ये षट्कोनी जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यामुळे रुंद, एकसंध ट्यूल मिळू लागले आणि त्यावर हाताने भरतकाम करून हलक्या मांतिया तयार होऊ लागल्या. नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सचे 1813 चे यंत्र आणि त्याला पुढे जोडलेली नक्षी विणणारी जॅकार्ड यंत्रणा यांमुळे नक्षीसह पूर्ण लेसच यंत्रावर विणता येऊ लागली. फ्रान्समधील काले आणि कोद्री या गावांत लीव्हर्सची लेस आजही विणली जाते. यंत्राची लेस उलट बाजूने पाहावी. फुलांना उठाव देणारा जाड धागा एका पाकळीवरून दुसरीवर नेताना कापलेला असतो आणि त्याची आखूड टोके मागे राहिलेली दिसतात; हातकामात तो धागा नक्षीतच वळवून नेलेला असतो. सासूबाईंची मांतिया यंत्राची निघाली तरी नाराज होऊ नका. शंभर वर्षांपूर्वीची रेशमी लीव्हर्स लेस आज दुकानात मिळणाऱ्या पॉलिएस्टरच्या लेसपेक्षा पडण्यात, स्पर्शात आणि रंगात कितीतरी उजवी असते, आणि माझ्या मते तुमच्यासाठी ती अधिक सोयीची आहे, कारण ती थोडी अधिक निर्धास्तपणे हाताळता येते.

टेलरने ‘शोभणार नाही’ असे जे सांगितले, त्यामागे एक खरी गोष्ट आहे. तयार गाऊनवर जुनी मांतिया टाकली तर बहुतेक वेळा ती खरोखरच शोभत नाही. पैठणी ठरल्यावर तिच्या काठाला पाहून ब्लाउज शिवतात, तसा इथे क्रम मांतियेकडून गाऊनकडे जायला हवा. जुने रेशीम कधीही शुभ्र नसते. ते मोतिया, मधाळ किंवा चहाच्या छटेचे असते, आणि निळसर पांढऱ्या गाऊनवर ठेवताच मळकट दिसते. गाऊनचे कापड मांतियाच्या रंगाला जुळवून, शक्यतो चर्चमध्ये जाऊन तिथल्या उजेडात निवडा. कापड साधे, घट्ट विणीचे, कमी चकाकीचे असावे, आणि गाऊनची पाठ कोरी असावी, कारण लग्नविधीचा बहुतेक वेळ लोकांना तुमची पाठच दिसणार आहे आणि मांतियेची नक्षी तिथेच उलगडणार आहे. मणी, टिकल्या आणि खड्यांचे काम अंगावर नको. जुन्या लेसचा एक धागा मण्यात अडकला की पाठोपाठ दहा तुटतात. गाऊन अजून कापलेला नसेल तर पार्सल येईपर्यंत थांबा, इतकेच मी आग्रहाने सांगेन.

आधुनिक वधूंना मांतिया का आवडते, याचे उत्तरही बेतण्यातच आहे. नेहमीचा व्हेल फणीवर चुणून लावतात, त्यामुळे डोक्याच्या मागे फुगा येतो आणि चेहऱ्याशी त्याचा संबंध राहत नाही. मांतियेला चुण्या नसतात. ती सपाट बसते, लेसची कड कपाळाच्या वरून गालांच्या बाजूने उतरते, आणि तोंडावर पदर न घेताही चेहऱ्याला चौकट मिळते. अलीकडे साध्या, सरळ पडणाऱ्या गाऊनकडे अनेकींचा ओढा आहे आणि अशा गाऊनवर सारी नक्षी एका वस्त्रात एकवटणे डोळ्याला बरे वाटते. शिवाय काही तरुण कॅथलिक स्त्रियांना डोके झाकण्यामागचा भक्तिभाव पुन्हा जवळचा वाटू लागला आहे. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये या दोन्ही कारणांच्या मुली असतात, आणि पुष्कळदा एकाच मुलीच्या मनात दोन्ही कारणे असतात.

उंच फणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पेइनेता ही फणी मांतियाला उंची देते आणि माद्रिनाच्या काळ्या पोशाखावर भारदस्त दिसते. वधूने मात्र ती टाळावी किंवा अगदी बुटकी घ्यावी. सासूबाई फणी लावून येणार असतील तर तो मान त्यांच्याकडे राहू द्या. तुम्ही मांतिया थेट केसांवर, मानेजवळ बांधलेल्या घट्ट अंबाड्यावर घेतलीत तर रेघ अधिक शांत दिसेल. उंची कमी आणि मान आखूड असेल तर लहान फणीचा उपयोग होतो, उंच मुलीला तिची गरज नसते. हे आरशासमोर ठरवायचे असते.

फणीबाबत कायद्याचीही बाजू आहे, ती नजरेआड करू नका. जुन्या पेइनेता बहुधा खऱ्या कासवाच्या कवचाच्या असतात. हे कवच ज्या समुद्री कासवाचे असते त्याला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे आणि त्याच्या वस्तूंची परवान्याशिवाय देशाबाहेर किंवा देशात ने-आण करण्यास आंतरराष्ट्रीय करारानुसार मनाई आहे. वस्तू आजीची आहे, हे कारण विमानतळावर चालत नाही. सासूबाईंना आजच कळवा की पार्सलमध्ये फक्त मांतिया पाठवा, आणि स्वतःसाठी आणतील ती फणी अ‍ॅसिटेटची असू द्या. चांगली अ‍ॅसिटेटची फणी चार पावलांवरून वेगळी ओळखू येत नाही.

जुन्या रेशमाची प्रकृती हा सगळ्यात निर्णायक भाग आहे आणि तो मी इथून सांगू शकत नाही. एकोणिसाव्या शतकातील काळे रेशीम पुष्कळदा लोहयुक्त क्षार आणि टॅनिन यांनी रंगवलेले असते, आपल्याकडच्या हिरडा आणि लोखंडाच्या काळ्या रंगासारखेच. हाच रंग काळाच्या ओघात रेशमाला आतून कुजवतो. काळी मांतिया पांढऱ्या कागदावर ठेवून अलगद उचलली आणि कागदावर तपकिरी-काळी पूड व आखूड तंतू राहिले, तर ती कोणीही अंगावर घालू नये. तिला पाणी लावले तरी ती विरते. अशी लेस चौकटीत किंवा पेटीत सपाट ठेवून लग्नाच्या दिवशी घरी मांडणे हाच तिचा मान.

हस्तिदंती मांतियेची परीक्षा अशी करा. स्वच्छ हातांनी कडेचा कमी महत्त्वाचा भाग दोन बोटांत धरून अगदी थोडा वाकवा. तो मऊपणे वळला तर चांगले. कुरकुरला, घडीच्या रेघेवर चिरलेला दिसला किंवा तंतू सुटले तर तिथेच थांबा. पिवळेपणा घालवण्यासाठी क्लोरीनचे ब्लीच कधीही वापरू नका, त्यात रेशीम अक्षरशः विरघळते. लॉन्ड्रीत देऊ नका, वाफेची इस्त्री फिरवू नका. रेशीम धुण्याजोगे आहे का हे लेसचे काम करणाऱ्या माणसानेच पाहावे, आणि धुवायचे ठरले तर ती नेटच्या दोन थरांमध्ये टाचून, शुद्ध पाण्यात, तटस्थ साबणाने, न उचलता आणि न पिळता धुवावी लागते. मधाळ छटा मी सहसा घालवत नाही. ती डाग नव्हे, रेशमाचे वय आहे, आणि गाऊन जुळवला की ती सुंदर दिसते.

प्रकृती चांगली निघाली तरी पिना थेट लेसमधून जाऊ नयेत. मी मांतियेच्या आतल्या बाजूला, डोक्याच्या वरच्या भागात आणि दोन्ही खांद्यांवर, त्याच रंगाच्या रेशमी नेटचा हातभर लांब तुकडा सैल टाक्यांनी जोडते आणि पिना त्या नेटमध्ये अडकवते, म्हणजे वजन नेटवर येते, लेसवर नाही. डोक्यावरचा आधार केसांच्या रेषेपासून तीन-चार बोटे मागे असावा. अगदी पुढे लावला तर कड डोळ्यांवर येते आणि फार मागे लावला तर प्रत्येक पावलाला मांतिया घसरते. खांद्यांवरचे आधार हात उचलता येतील इतके सैल ठेवायचे, कारण अंगठी घालताना आणि फुले हाती घेताना ताण तिथेच पडतो. लग्नाआधी एकदा तरी पूर्ण केशरचना करून, गुडघे टेकून, उठून आणि आईला मिठी मारून पाहा. मिठीत खांद्याचा टाका सुटणार असेल तर तो त्याच दिवशी सुटू द्या, दुरुस्त करता येतो.

जुनी मांतिया घालण्याजोगी नसेल, किंवा तुम्हाला जमिनीवर लोळणारी लांबीच हवी असेल, तर टेलरचा मार्ग योग्य ठरतो. तेव्हा नेटच्या रुंदीकडे लक्ष द्या. आपल्याकडे सहज मिळणारे नेट 44 ते 60 इंच पन्ह्याचे असते आणि लांब मांतिया-व्हेलला त्यात मधोमध जोड येतो, जो छायाचित्रात हमखास दिसतो. लग्नाच्या व्हेलचे खास नेट 108 इंच पन्ह्याचे येते, तेच मागवा. लेस चेहऱ्यापासून सुरू व्हावी की कोपरापासून, हे आधी कागदी लेस किंवा साधी रिबन टाचून आरशात ठरवा. भरघोस चेहऱ्याला कोपरापासून सुरू होणारी लेस आणि लहान, निमुळत्या चेहऱ्याला गालापासून सुरू होणारी लेस मला अधिक शोभलेली दिसते. दोन्हींचा मेळही घालता येतो: विधीला लांब व्हेल, आणि नंतर स्वागताला सासूबाईंची मांतिया नुसती खांद्यांवर. स्पेनमध्ये खांद्यांवर घेतात तो भरतकामाचा, झालरीचा रेशमी ‘मांतोन’ निराळा असतो, तेव्हा फोटो शोधताना त्याच्याशी गल्लत करू नका.

लग्नाच्या दिवसाच्या काही सूचना देऊन ठेवते. अत्तर आणि हेअरस्प्रे मांतिया घेण्याआधी, आणि ते पूर्ण सुकल्यावरच मांतिया डोक्यावर. फुलांच्या गुच्छात लिली असतील तर फुलवाल्याकडून त्यांचे पराग काढून घ्या, कारण तो केशरी डाग रेशमावरून निघत नाही. हळदीचे हात आणि ओली मेंदी तिच्या जवळपासही नको. गाडीत बसताना ती पाठीमागे दाबली जाऊ न देता मांडीवर घ्या, आणि लेस नखांत व अंगठीच्या खड्यांत अडकते, म्हणून मांतिया सावरण्याचे काम एकाच माणसाकडे सोपवा. जेवणाआधी ती काढून ठेवा. नंतर घडी घालू नका. आम्लविरहित कागद गुंडाळलेल्या जाड नळीवर ती सैल गुंडाळा, वरून धुतलेली, खळ नसलेली मलमल घ्या आणि कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी आणि डांबराच्या गोळ्या दोन्ही वर्ज्य. वसईच्या पावसाळ्यात दमटपणा फार असतो, म्हणून खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदला आणि पावसाळा संपल्यावर एकदा सावलीत उघडून पाहा.

पार्सल आल्यावर मला नेमके सांगता यावे असे वाटत असेल तर तीन फोटो काढा: काळ्या कापडावर पसरलेल्या हस्तिदंती मांतियेचा पूर्ण फोटो, कडेच्या एका कमानीचा शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून घेतलेला फोटो, आणि त्याच भागाचा उलट बाजूचा फोटो. काळीसाठी पार्श्वभूमी पांढरी घ्या आणि उचलल्यावर खाली काही पडले का ते लिहा. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरे.